कराची रेषा पुसली, घराचे माप उरले : मोठ्या पडद्याचा टीव्ही निवडताना

नवी दिल्ली : वस्तू आणि सेवा कर परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ रोजी झालेल्या ५६व्या बैठकीत ३२ इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरपासून तो अमलात आला. त्या दिवशी घटस्थापना होती. सणाच्या खरेदीचा मुहूर्त आणि करकपातीचा मुहूर्त एकत्र आल्याने दुकानांतून ४३, ५५ आणि ६५ इंचांचे पडदे पुढच्या रांगेत आले, तर ३२ इंचांचा संच मागे सरकला. मध्यमवर्गीय कुटुंबाला मोठा पडदा आता पूर्वीपेक्षा जवळचा वाटू लागला आहे.

मात्र स्वस्त झालेला पडदा आणि उपयोगी पडणारा पडदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करकपातीने किमतीतील एक अडथळा दूर केला; पण घरात येणारे प्रक्षेपण, बैठकीचे अंतर, संचातील संगणकप्रणालीचे आयुष्य आणि बिघाडानंतरची दुरुस्ती या चार बाबी होत्या तेथेच आहेत. रोजच्या पाहण्यासाठी मोठा संच घेणाऱ्या कुटुंबाचा पैसा सार्थकी लागणार की नाही, हे याच चार बाबी ठरवतात आणि त्यांची माहिती खोक्यावर सहसा छापलेली नसते.

बत्तीस इंचांची रेषा कशी आली?

जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर लागू झाला तेव्हा दूरचित्रवाणी संच २८ टक्क्यांच्या सर्वोच्च टप्प्यात होते. पुढील वर्षी, २७ जुलै २०१८ पासून, ६८ सेंटिमीटरपर्यंतच्या संचांवरील कर १८ टक्के करण्यात आला. त्यानंतर १ जानेवारी २०१९ पासून ही सवलत ३२ इंचांपर्यंत वाढवली गेली. छोटा संच ही गरज आणि मोठा संच ही चैन, असा या रचनेमागील विचार होता. परिणामी जवळजवळ पावणेसात वर्षे ३२ इंच हा आकडा घराच्या गरजेतून आलेला नसून करदात्यांच्या तक्त्यातून आलेला होता. दहा बाय दहाच्या खोलीत ४३ इंचांचा संच शोभला असता, तरी करातील दहा टक्क्यांचा फरक पाहून अनेकांनी ३२ इंचांवर समाधान मानले.

ही रेषा पुसली गेली हे स्वागतार्हच आहे. मात्र ‘दहा टक्के सूट’ हा जाहिरातींतील अर्थ अचूक नाही. कर मूळ किमतीवर आकारला जातो. २८ टक्के करासह ५०,००० रुपयांना मिळणाऱ्या संचाची मूळ किंमत सुमारे ३९,०६३ रुपये होती. तिच्यावर १८ टक्के कर धरला की नवी किंमत सुमारे ४६,०९४ रुपये होते. म्हणजे ग्राहकाची बचत ३,९०६ रुपये, अर्थात ७.८ टक्के. ही रक्कम लहान नाही. परंतु ४३ इंचांऐवजी ५५ इंचांचा संच घेण्याचे समर्थन तेवढ्यावर होऊ शकत नाही.

शिवाय ही बचत कायम राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. संचाच्या किमतीचा मोठा भाग आयात सुट्या भागांचा असतो. डिसेंबर २०२५ मध्ये रुपया प्रतिडॉलर ९०च्या पलीकडे घसरला आणि त्याच सुमारास जगभर मेमरी चिपचे भाव चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून या चिपना प्रचंड मागणी आल्याने घरगुती उपकरणांसाठीचा पुरवठा आखडला. कराने दिलेले चलनाने आणि चिपने काढून घेण्याचा हा धोका आहे. म्हणूनच ‘आत्ता घेतले नाही तर संधी गेली’ या घाईपेक्षा ‘काय घ्यायचे ते आधी ठरवू’ हा विचार अधिक हिताचा ठरतो.

पडदा मोठा, चित्र जुने

पडद्याच्या निवडीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा प्रश्न आहे तो घरात नेमके कोणते चित्र येते हा. बाजारात ४३ इंचांपासून पुढचे बहुतेक संच फोर-के दर्जाचे आहेत. त्यांच्या पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० बिंदू असतात. फुल एचडी चित्रात हेच प्रमाण १,९२० बाय १,०८० असते. साध्या, म्हणजे एसडी, वाहिनीचे चित्र मात्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते. गणित केले तर फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख बिंदू आणि एसडी चित्रात सुमारे सव्वाचार लाख बिंदू. म्हणजे साधी वाहिनी लावल्यावर पडद्यावरील वीस बिंदूंमागे एकाच बिंदूची खरी माहिती येते. उरलेले एकोणीस बिंदू संच अंदाजाने रंगवतो.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’च्या २०२० मधील अंदाजानुसार देशात २१ कोटी घरांत टीव्ही होता. दूरदर्शनची डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली आणि मासिक शुल्क नसलेली ‘डीडी फ्री डिश’ सेवा उद्योगाच्या अंदाजानुसार चार कोटींहून अधिक घरांत पोहोचली आहे. तिच्यावरील बहुतांश वाहिन्या एसडी दर्जाच्या आहेत. केबल आणि खासगी डीटीएचवर एचडी वाहिन्या उपलब्ध असल्या तरी त्यांचे शुल्क अधिक आहे. मराठीत ‘झी मराठी’, ‘स्टार प्रवाह’ आणि ‘कलर्स मराठी’ या मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. पण घरातील वर्गणी एसडीची असेल तर नव्या संचावरही मालिका जुन्याच दर्जात दिसेल.

दुकानात हे लक्षात येत नाही, कारण तेथील संचांवर खास चित्रित केलेली फोर-के दृश्ये अखंड चालू असतात. पाण्याचे थेंब, फुलपाखरे, रात्रीची रोषणाई हे सारे डोळे दिपवणारे असते. त्यातच संच ‘डेमो’ अवस्थेत, कमाल प्रकाशावर ठेवलेले असतात. ग्राहकाने दुकानदाराला आपल्या घरी रोज लागणारी साधी वृत्तवाहिनी किंवा मालिका लावून दाखवण्यास सांगावे. चेहऱ्याच्या कडा, खालून सरकणारी बातम्यांची पट्टी आणि लहान अक्षरे या तीन जागी संचाचा खरा कस लागतो. कमी दर्जाचे चित्र मोठ्या पडद्यावर सुबकपणे बसवण्याची क्षमता संचातील प्रक्रियकावर अवलंबून असते आणि महाग व स्वस्त संचांतील ठळक फरक बहुधा तेथेच दिसतो.

अंतराचे गणित

सामान्य दृष्टी असलेल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो. या नियमावरून कोणते चित्र किती अंतरावरून स्वच्छ दिसेल हे काढता येते. ५५ इंचांचा पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि ६८ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर फोर-के चित्राचे बिंदू साधारण १.१ मीटरपलीकडे, फुल एचडीचे २.२ मीटरपलीकडे, तर एसडीचे तब्बल ४.१ मीटरपलीकडे गेल्यावर एकजीव दिसतात. ४३ इंचांच्या पडद्यासाठी एसडीचे हे अंतर ३.२ मीटर आहे आणि ३२ इंचांसाठी २.४ मीटर.

आता घराचे माप पाहू. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी मुळात ३० चौरस मीटरपर्यंतचे चटई क्षेत्र धरले होते. अशा घरात बाहेरच्या खोलीत भिंत ते बैठक हे अंतर अडीच-तीन मीटरपेक्षा जास्त असणे कठीण. मुंबई, दिल्ली वा कोलकात्यातील मध्यमवर्गीय सदनिकांतही ते याहून फार मोठे नसते. तीन मीटरवरून ५५ इंचांवर एसडी वाहिनी पाहिली तर चित्र पसरट आणि पुसट भासणारच. त्याच अंतरावरून ४३ इंचांवर ते बरेच सुसह्य वाटेल. एचडी वाहिनी असेल तर मात्र त्याच खोलीत ५५ इंचही उत्तम ठरेल.

याचा अर्थ मोठा पडदा ही चूक आहे, असा नव्हे. ५५ इंचांच्या पडद्याचे क्षेत्रफळ ३२ इंचांच्या जवळजवळ तिप्पट असते. दृष्टी मंदावलेल्या आजी-आजोबांना बातम्यांची पट्टी किंवा क्रिकेटचा धावफलक वाचता येणे ही मोठीच सोय आहे. ‘पीएम ई-विद्या’च्या शैक्षणिक वाहिन्या पाहणाऱ्या मुलांना फळ्यावरील अक्षरे मोठी दिसणे उपयोगाचे असते. उपशीर्षकांच्या आधारे अन्य भाषांतील चित्रपट पाहणाऱ्यांचेही तेच. मुद्दा एवढाच की आकार वाढवायचा तर त्याबरोबर प्रक्षेपणाचा दर्जाही वाढवावा लागतो आणि तो दरमहा खर्च संचाच्या किमतीत मोजलेला नसतो.

खरेदीपूर्वी वर्तमानपत्राची पाने जोडून पडद्याच्या मापाचा कागद भिंतीवर लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे. त्यातून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे उंची. आपल्याकडे अनेक घरांत टीव्ही जमिनीवर बसून पाहिला जातो आणि संच मात्र कपाटाच्या वर किंवा दाराच्या उंचीवर टांगलेला असतो. त्यामुळे मान अवघडते आणि खालून पाहताना अनेक एलईडी पडद्यांचे रंगही फिके दिसतात. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ यावा, हे तत्त्व आकाराइतकेच महत्त्वाचे आहे.

इंटरनेटचे चित्र आणि डेटाचे माप

प्रक्षेपणाची उणीव इंटरनेटवरील मंच भरून काढतील, असे अनेकांना वाटते. ज्या घरात फायबर जोडणी आहे तेथे ते खरेही आहे. फोर-के चित्रासाठी साधारण १५ एमबीपीएस इतका स्थिर वेग लागतो. पण या वेगाने दोन जीबी डेटा जेमतेम १८ मिनिटांत संपतो. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर टीव्ही चालवणाऱ्या घरात फोर-के हा शब्द खोक्यावरच राहतो. शिवाय अनेक मंचांवर फोर-के दर्जा सर्वांत महाग योजनेतच मिळतो. क्रिकेटचे थेट प्रक्षेपण पाहतानाही चित्राचा दर्जा जोडणीच्या वेगानुसार वरखाली होतो.

या संदर्भात एक निर्णय फारसा चर्चेत आला नाही. भारतीय मानक ब्युरोने अंगभूत उपग्रह ट्यूनर असलेल्या संचांसाठी आयएस १८११२:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले आहे. त्यानुसार बनवलेल्या संचाला छतावरील छत्रीची तार थेट जोडता येते. मोफत वाहिन्यांसाठी वेगळा सेट टॉप बॉक्स आणि दुसरा रिमोट लागत नाही. ‘फ्री डिश’ पाहणाऱ्या घरांच्या दृष्टीने ही सुविधा आठव्या स्पीकरपेक्षा किंवा आवाजी आज्ञेपेक्षा कितीतरी मोलाची आहे. मात्र ती कोणत्या संचात आहे हे ग्राहकालाच विचारावे लागते.

नावांचे जंजाळ

पडद्याच्या तंत्राची नावे ग्राहकाला गोंधळात टाकतात. ‘एलईडी’ म्हणून विकला जाणारा संच मुळात एलसीडीच असतो. त्यामागे प्रकाश देणारे एलईडी दिवे असतात. ‘क्यूएलईडी’ हाही त्याच जातीचा. त्यात रंग अधिक शुद्ध करणारा एक थर वाढवलेला असतो. ‘मिनी एलईडी’मध्ये मागील दिवे अतिशय लहान आणि अनेक गटांत विभागलेले असतात, त्यामुळे पडद्याचा गडद भाग गडद ठेवून उजळ भाग उजळ करता येतो. ‘ओएलईडी’ मात्र वेगळे तंत्र आहे. त्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो.

रोजच्या पाहण्याच्या कसोटीवर या तंत्रांचा क्रम किमतीच्या क्रमाने लागत नाही. भरपूर उजेडाच्या, खिडकीसमोरच्या खोलीत अधिक प्रकाश देणारा आणि परावर्तन कमी असलेला एलईडी किंवा मिनी एलईडी पडदा सोयीचा पडतो. ओएलईडीची खरी शोभा मंद उजेडात दिसते. त्यातही वृत्तवाहिनी दिवसभर चालू असणाऱ्या घराने विचार करावा, कारण वाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिल्यास ओएलईडीवर तिची छाप कायमची उमटण्याचा धोका असतो. कुटुंब खोलीभर पसरून बसत असेल तर बाजूने पाहतानाही रंग टिकवणारा ‘आयपीएस’ प्रकारचा पडदा बरा. सर्वजण समोरच बसत असतील तर ‘व्हीए’ प्रकारात काळा-पांढरा भेद अधिक खुलतो.

‘एचडीआर’ हे अक्षरचिन्हही तपासून घ्यावे. असे चित्र स्वीकारणे आणि ते पुरेशा प्रकाशाने दाखवणे यांत फरक आहे. स्वस्त संचांत पहिले असते, दुसरे नसते. पडद्याच्या ताजेपणाचा दर ६० हर्ट्‌झ की १२० हर्ट्‌झ हे विचारताना कंपनीने स्वतः ठरवलेल्या ‘मोशन’च्या आकड्यावर समाधान मानू नये. आणि आवाज? संच जसे पातळ झाले तसे स्पीकर खाली तोंड करून बसले. पंख्याच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत ही घरोघरची तक्रार आहे. ५५ इंचांऐवजी ५० इंचांचा संच घेऊन वाचलेल्या पैशांत साधा साउंडबार घेणारे कुटुंब अनेकदा अधिक समाधानी असते.

संचातील संगणक कोणाचा?

आजचा टीव्ही हा पडदा लावलेला संगणक आहे. काच दहा वर्षे टिकू शकते. आतली प्रणाली चार-पाच वर्षांतच मंदावते, ॲपची नवी आवृत्ती तिच्यावर चालेनाशी होते. मोबाइलच्या बाबतीत किती वर्षे अद्यतने मिळतील हे आता अनेक कंपन्या जाहीर करतात. टीव्हीच्या बाबतीत हा प्रश्न दुकानात फारसा कोणी विचारत नाही आणि त्याचे उत्तरही सहज मिळत नाही.

या क्षेत्रातील सत्तासंबंधही बदलत आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये अँड्रॉइड टीव्ही प्रकरणात गुगलचा तडजोडीचा प्रस्ताव मान्य केला. त्यानुसार कंपनीने २०.२४ कोटी रुपये भरले आणि भारतातील स्मार्ट टीव्हीसाठी प्ले स्टोअर व प्ले सर्व्हिसेस यांचा स्वतंत्र परवाना देण्याचे मान्य केले. उत्पादकांना पर्यायी प्रणाली वापरण्याची मोकळीक त्यामुळे वाढली. ग्राहकाच्या दृष्टीने याला दुसरी बाजू आहे. ‘अँड्रॉइडवर आधारित’ असे लिहिलेल्या अतिस्वस्त संचांत अधिकृत प्ले स्टोअर असेलच असे नाही आणि काही मंच अशा अप्रमाणित संचांवर चालत नाहीत. आपल्याला लागणारी ॲप दुकानातच उघडून पाहणे हाच त्यावर उपाय.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. पडद्यावर काय चालू आहे हे ओळखून त्याची नोंद उत्पादकाकडे पाठवणारी यंत्रणा अनेक स्मार्ट टीव्हींत असते. पहिल्यांदा संच सुरू करताना ‘मान्य आहे’ची जी बटणे भराभर दाबली जातात, त्यांत या परवानगीचाही समावेश असतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परंतु मुख्य बंधने अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर संचाच्या सेटिंगमध्ये जाऊन ही परवानगी बंद करण्याची जबाबदारी घरच्यांचीच.

जुना संच चांगला चालत असेल आणि केवळ ॲप चालत नसतील, तर नवा टीव्ही घेण्याऐवजी एचडीएमआय खाचेत बसणारी स्ट्रीमिंग स्टिक पुरते. प्रणालीचे वय झाले म्हणून काच फेकण्याची गरज नाही.

काच बाहेरची, दुरुस्ती आपली

मोठ्या पडद्याचे सर्वांत मोठे जोखीमस्थान म्हणजे त्याची काच. संचाच्या उत्पादनखर्चात ‘ओपन सेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पॅनेलचा वाटा निम्म्याहून अधिक असतो. भारतात संचांची जुळणी मोठ्या प्रमाणावर होते. जुलै २०२० मध्ये रंगीत टीव्हींची आयात ‘निर्बंधित’ यादीत टाकल्यानंतर ती आणखी वाढली. केंद्रीय अर्थसंकल्पात २०२३ मध्ये ओपन सेलच्या सुट्या भागांवरील सीमाशुल्क अडीच टक्क्यांवर आणले गेले आणि २०२५ मध्ये ते पूर्ण माफ करण्यात आले. तरीही मूळ काच बाहेरूनच येते.

जगातही हा व्यवसाय एका देशाकडे एकवटत आहे. सॅमसंग डिस्प्लेने २०२२ मध्ये एलसीडी पॅनेलचे उत्पादन थांबवले. जपानमधील शार्पच्या साकाई कारखान्यातून टीव्ही पॅनेलचे उत्पादन २०२४ मध्ये बंद झाले. एलजी डिस्प्लेने ग्वांगझोऊ येथील आपला एलसीडी कारखाना चीनच्या टीसीएल समूहातील कंपनीला विकला आणि तो व्यवहार २०२५ मध्ये पूर्ण झाला. पुरवठादार कमी झाले की भाव ठरवण्याची ताकद त्यांच्याकडे जाते. त्याचा चटका नव्या संचाच्या किमतीपेक्षा दुरुस्तीच्या वेळी अधिक बसतो.

हमीची मुदत संपल्यावर पडद्याला तडा गेला किंवा उभी रेष आली, तर नवे पॅनेल बसवण्याचा खर्च अनेकदा नव्या संचाच्या आसपास जातो. आकार जितका मोठा तितकी ही जोखीम मोठी. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ संकेतस्थळ सुरू केले. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी दुरुस्ती निर्देशांक ठरवण्याकरिता नेमलेल्या समितीनेही २०२५ मध्ये अहवाल दिला. मात्र खरेदीच्या क्षणी ‘हा पडदा किती वर्षे मिळेल आणि किती रुपयांना’ हे सांगणारी पट्टी अद्याप संचावर नाही. तोपर्यंत पॅनेलवर वेगळी आणि अधिक मुदतीची हमी आहे का, सेवा केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, भिंतीवर बसवणे हमीत धरले आहे का, हे तीन प्रश्न लेखी उत्तर मिळेपर्यंत विचारणे भाग आहे. तक्रार उद्‌भवल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. त्यासाठी पावती आणि शिक्का मारलेले हमीपत्र जपून ठेवावे लागते.

हप्ता आणि वीज

मोठ्या संचांची विक्री बहुतांशी हप्त्यांवर होते. ‘शून्य टक्के व्याज’ ही कल्पना मुळात अस्तित्वातच नाही, अशी भूमिका रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच घेतली होती. आजच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यांत व्याजाइतकी सूट आधी वजा करून नंतर व्याज आकारले जाते. प्रक्रिया शुल्क आणि क्रेडिट कार्डावरील व्याजावर लागणारा कर मात्र ग्राहकच भरतो. रोख किंमत विचारून ती एकूण हप्त्यांशी ताडून पाहिली की खरा आकडा समोर येतो.

विजेचे गणितही वेगळे नाही. १२० वॅटचा मोठा संच रोज पाच तास चालला तर वर्षाला २१९ युनिट लागतात. ५० वॅटचा लहान संच ९१ युनिटांत भागवतो. प्रतियुनिट आठ रुपये धरल्यास फरक वर्षाला सुमारे हजार रुपयांचा. संचावरील ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ताऱ्यांच्या पट्टीवर वार्षिक वीजवापर युनिटांत छापलेला असतो. ताऱ्यांच्या संख्येइतकाच हा आकडाही पाहावा, कारण तारे सारखे असले तरी मोठा पडदा अधिक वीज घेतोच.

किमतीपलीकडची सुधारणा

ही ताऱ्यांची पट्टी पुढच्या सुधारणेचा नमुना ठरू शकते. विजेच्या बाबतीत ग्राहकाला खरेदीपूर्वी सोप्या आकड्यात माहिती मिळते, कारण सरकारने ती छापणे उत्पादकांवर सोपवले नाही, बंधनकारक केले. त्याच पट्टीवर प्रणालीची अद्यतने किती वर्षे मिळतील, सुटे भाग किती वर्षे उपलब्ध राहतील आणि अंगभूत उपग्रह ट्यूनर आहे की नाही, एवढ्या तीन ओळी वाढवता येतील. त्याला तिजोरीतून खर्च लागत नाही. करकपातीने ग्राहकाला एकदा चार हजार रुपये मिळाले. ही माहिती त्याला चुकीच्या खरेदीतून जाणारे चाळीस हजार वाचवून देऊ शकते.

दुसरी जबाबदारी प्रसारकांची. देशात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाली आणि १९८२च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी रंगीत प्रक्षेपण आले. त्या वेळी प्रक्षेपण आधी बदलले, संच मागून बदलले. आज क्रम उलटला आहे. घरातील पडदा फोर-के झाला आणि मोफत सेवेवरील बहुतेक वाहिन्या एसडीवरच थांबल्या. सार्वजनिक प्रसारकाने मोफत सेवेवरील एचडी वाहिन्या वाढवल्या, तर कोट्यवधी घरांत आधीच असलेल्या पडद्यांचा दर्जा नवी खरेदी न करताही सुधारेल.

तोवर घराने आपला क्रम ठरवावा. आधी बैठकीचे अंतर मोजावे, मग घरात कोणते प्रक्षेपण येते ते पाहावे, त्यानंतर आकार ठरवावा आणि शेवटी किंमत विचारावी. तीन मीटरची खोली आणि साध्या वाहिन्या असतील तर ४३ इंच पुरेसे आहेत. एचडी वर्गणी किंवा फायबर जोडणी असेल तर ५० किंवा ५५ इंच योग्य ठरतात. त्यापुढे जाण्यासाठी खोलीही तेवढी मोठी हवी. पावणेसात वर्षे हा निर्णय कराच्या तक्त्याने घेतला. आता तो सवलतीच्या फलकाच्या हाती जाऊ न देणे ग्राहकाच्या हिताचे आहे.